उभ्यानं खाल्लेलं

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीतून पहाटे पांढरे बूट घालून चालायला जाणाऱ्या बायकांना मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आले. हात हलवत जायचं, हात हलवत यायचं, आणि घरी येऊन भांडीवाली कधी येते याची वाट बघत बसायचं. मी दारातून त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "एवढं चालायचंच हाय तर येताना दळण तरी घेऊन या!" कामाच्या बाईला व्यायाम लागत नाही, हे माझं मत होतं. आणि माझं मत मी पदराखाली झाकून ठेवत नाही.

मी मनकर्णाबाई. भाकरी केंद्रवाली म्हटलं की मुकुंदवाडी स्टेशनापासून चिकलठाण्याच्या कंपन्यांपर्यंत कुणीही माझं घर दाखवील. काकासाहेब, म्हणजे माझे घरधनी, कामाला होते ती कंपनी बंद पडली तेव्हा मी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक तवा मांडला. आज तीन तवे आहेत, हाताखाली दोन बाया आहेत, आणि काकासाहेब स्कूटरवरून खानावळींना भाकरी पोचवतात. तरी मधल्या तव्यापुढं मी स्वतः उभी राहते. माझा एकच नियम आहे. जी भाकरी टम्म फुगली नाही, जिचा पापुद्रा सुटला नाही, ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही. लोक म्हणतात, पिशवीत कोण बघतंय? अरे, मी बघितलं ना तव्यावर! अशी भाकरी मी बाजूला काढते. टाकत मात्र नाही, अन्न आहे ते.

फकिरा माझा पाठचा भाऊ. आमचं माहेर पाचोडचं, आणि तिथंच त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींचं पाणी त्याच्या हातानं वर आलेलं. त्याचं ब्लडप्रेशर आतल्या आत कधी वाढलं कुणाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. साऱ्या गावाला पाणी खेचून देणारा माणूस, आणि डॉक्टरांनी त्यालाच पाणी मोजून दिलं. आठवड्यातून दोनदा तो एसटीनं शहरात यायचा, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा आणि ती रात्र माझ्याकडं राहायचा. पोरगं चोळामोळा होऊन यायचं. पोरगं म्हणते, तो पंचेचाळिशीचा आहे; पण मी त्याला कडेवर घेऊन बाजार फिरलेय.

त्याच्या बायकोला, भागूबाईला, शुगर. तिची किडनी चालणार नव्हती. आईवडील कधीच गेले. राहिले मी. रक्त जुळलं, मग पुढचं सगळं जुळत गेलं. माझी शाळा नववीत सुटली, पण त्या तपासण्यांत मी पहिली आले. काकासाहेबांना डॉक्टरांनी विचारलं, "तुमची संमती आहे ना?" तर म्हणाले, "माझं घरात कधी चाललंय, ते इथं चालंल?" आणि सही करून मोकळे झाले. बाहेर आल्यावर मात्र रुमालानं डोळे पुसत होते, ते मी पाहिलं.

अडलं ते शेवटी. डॉक्टर म्हणाले, "किडनी उत्तम आहे तुमची. पण वजन फार आहे. इतक्या वजनावर मी ऑपरेशन करणार नाही."

"फकिराचं तर लई कमी झालंय साहेब."

"त्यांचं नाही, तुमचं. देणाऱ्याच्या जिवाला धोका होता कामा नये. दहा किलो उतरवून या. चार महिने देतो."

"धोका मी घेते की."

"तो तुम्ही घ्यायचा नसतो मावशी." मग फकिरा बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, "फार लांबवू नका. मशीनवर त्यांचं हृदय थकत चाललंय."

म्हणजे भावाचा जीव माझ्या कमरेच्या घडीत अडकला होता. दुसरं काही नाही, माझं अंग आडवं आलं होतं. मी घरी येताना रिक्षात एक शब्द बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना माहीत आहे.

सूनबाई पतसंस्थेत नोकरीला, मोबाइलात हुशार. तिनं त्याच संध्याकाळी माझ्या फोनमध्ये वजन उतरवायचं ॲप टाकलं. खाल्लेलं भरायचं, केलेला व्यायाम भरायचा, की किती कॅलरी आल्या नि किती गेल्या ते ॲप सांगतं. आधी त्यानं वय, उंची, वजन विचारलं. मग विचारलं, तुमचं रोजचं काम कसलं? बैठं, थोडंफार, बरंच, की खूप कष्टाचं? मी सूनबाईच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच्या बोटानं 'खूप कष्टाचं' दाबलं. ॲपनं हिशेब करून दिवसाचं खाणं ठरवून दिलं.

"आई, आता इथं व्यायाम भरायचा," सूनबाई म्हणाली. "चालायला जाल का रोज?"

"मी काय रिकामी हाय?"

ती यादी खाली सरकवत गेली. आणि त्या यादीत काय असावं? झाडणं. फरशी पुसणं. हातानं कपडे धुणं. ओझं घेऊन जिना चढणं. सगळं व्यायाम म्हणून! माझा विश्वास बसेना. लग्न होऊन आल्यापासून मी झाडतेय. सासूबाई गेल्या तोवर त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की बाई, तू आज झाडलंस. आणि हा एवढासा फोन प्रत्येक कामाला मार्क देत होता. तव्यावरच्या भाकरीसारखी फुगले मी.

भाकरी थापणं तेवढं यादीत नव्हतं. सूनबाईनं लई शोधलं. पीठ मळणं सापडलं, थापणं काही सापडेना. शेवटी हाताची हालचाल बघून तिनं 'ढोल वाजवणं' निवडलं. मला ते पटलं.

रोज सगळी कामं भरून झाली की ॲप म्हणायचं, तुम्ही आज आणखी एवढं खाऊ शकता. मग मी खायची. कमावलेलं खायला लाज कसली? एकादशीला, चतुर्थीला खाण्याच्या रकान्यात शून्य घालायला लावायची. सूनबाई म्हणायची, "आई, भगर खाल्लीत, शेंगदाण्याची आमटी खाल्लीत, रताळं खाल्लंत." मी म्हणायची, "उपास म्हंजी उपास. त्यो जेवणात कसा धरायचा?" ती बिचारी शून्य घालायची. फकिरा आला की मी त्याच्यापुढं उभी राहायची, "बघ, वाळलेय की नाय?" आणि तो म्हणायचा, "व्हय आक्का." खोटं बोलताना त्याची नजर पायाकडं जाते, लहानपणापासून.

महिन्यानं दवाखान्यात काट्यावर उभी राहिले. वजन वाढलं होतं.

मी म्हटलं मशीन बिघडलंय. चांगली मोठ्यानं म्हटलं. तिथली आहाराचा सल्ला देणारी मॅडम, सगीरा, माझ्या ॲपचं ऐकून शांतपणे म्हणाली, "परवा फोन घेऊन या मावशी. बघू आपण." सिल्लोडची पोरगी, वयानं माझ्या सुनेएवढी, बोलायला गोड आणि मागं हटायला तयार नाही. मी तिथून तडक आमच्या दाऊदभाईच्या गिरणीवर गेले. पोती मोजायच्या काट्यावर पायातल्या चपला काढून चढले.

दाऊदभाईनं आकडा वाचला. दवाखान्याचाच आकडा.

"तुमचा बी काटा बिघडलाय," मी म्हटलं.

"आक्का," दाऊदभाई अदबीनं म्हणाला, "याच काट्यावर तुमची ज्वारी मोजतो. तवा तर तुमी कधी भांडत नाय."

दळण घ्यायला आलेल्या दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी चपला घातल्या आणि घरी आले. त्या दिवशी माझ्या हाताखालच्या बायांनी माझ्याशी बोलायची हिंमत केली नाही.

दोन दिवसांनी सगीरा मॅडमनं माझा फोन चाळला. चाळता चाळता थांबली.

"मावशी, तुम्ही रोज चार तास ढोल वाजवता?"

"वाजवत नाय, थापते. भाकऱ्या."

तिनं तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून बाहेर आलंच. मलाही आलं असतं, पण मी रागात होते. मग ती खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "मला एक सांगा. रोजगार हमीच्या कामावर एकाच माणसाची एकाच दिवसात दोनदा हजेरी लावली तर चालतं का?"

"चालत नाय. मुकादम जेलात जातो."

"तुम्ही तेच केलंय. सुरुवातीला 'खूप कष्टाचं' दाबलंत, तेव्हाच तुमचं झाडणं, धुणं, थापणं सगळं धरून त्यानं तुमचं खाणं ठरवलं. तेच तुम्ही पुन्हा व्यायाम म्हणून भरलंत. मग एका कामावर दोनदा जेवलात."

मी बोटांवर हिशेब करून बघितला.

"आणि हे काम तुम्ही कधीपासून करताय?"

"कळायला लागल्यापासनं."

"मग हे वजनही याच कामावर झालंय ना? शरीराला ते रोजचंच आहे. वजन उतरवायचं तर रोजच्यापेक्षा काहीतरी जास्त करायला पाहिजे, नाहीतर रोजच्यापेक्षा कमी खायला पाहिजे."

"म्हंजी माझं काम काम नाय?"

"काम आहे. माझ्याच्यानं एक दिवस नाही व्हायचं. पण मावशी, आपल्याला काम मोजायचं नाही. वजन उतरवायचंय." मग तिनं विचारलं, "खाल्लेलं सगळं भरता ना?"

"ताटात येतं तेवढं सगळं भरते."

"ताटात येतं तेवढं?"

तिला पुढं काही विचारायचं होतं, पण मी उठले होते. मला राग कशाचा आला होता ते सांगते. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाला मार्क दिले होते, आणि या पोरीनं ते एका फटक्यात पुसले. घरी येऊन फोन डब्यांच्या फळीवर टाकला आणि सूनबाईला सांगितलं, ते थेर मला पुन्हा दाखवू नको.

फकिराच्या मशीनचा दिवस आला. दुपारी तो दवाखान्यातून आला आणि शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. मशीनवरून आला की त्याला आत झोपवत नाही, माणसांत बसावंसं वाटतं. वजनाचं त्याला काकासाहेबांनी सांगितलं असावं. बराच वेळ तो माझ्या तव्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "आक्का, राहू दी. मशीन हाय की मला. तू कशाला जिवाला लावून घेती?"

"गप बस."

"खरंच म्हणतोय. तुला जमंना तर जमंना. मी नाराज नाय."

हे ऐकून माझा बांध फुटला. नाराज नाय म्हणे! मी हातातलं पीठ काठवटीत आपटलं. "मी काय कमी करायलेय का रं? सकाळपासनं पोटात घास नाय माझ्या. दोन वाजायले, अजून ताट घेतलं नाय. तरी काटा उतरंना, तर मी काय आता विहिरीत उडी टाकू?"

फकिरानं पिशवीतून बाटली काढली. साधी प्लास्टिकची बाटली, तिच्यावर त्यानं पेनानं आडव्या रेघा मारलेल्या. दिवसभराचं पाणी तेवढंच. त्यातला एक घोट झाकणात ओतून त्यानं गोळी घेतली, बाटली उजेडात धरून रेघ बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं.

"आक्का, आत्ता तू काय खाल्लंस?"

"काय खाल्लं?"

"आत्ता. बोलता बोलता."

मी हाताकडं बघितलं. माझ्या हातात अर्धी भाकरी होती, वर लसणाची चटणी. उरलेली अर्धी तोंडात.

"ही व्हय?" मी घास गिळून म्हटलं. "ही काय खाणं हाय का? फुगली नाय म्हणून बाजूला काढली. टाकायची का मग?"

"मी आल्यापासनं बघायलोय. फुगली नाय की तुझ्या तोंडात. काठ चिरला की तोंडात. मीठ बघायला पिठलं तळहातावर. नातवाच्या ताटात उरलं ते तोंडात. अन् तू म्हणती घास नाय."

"उभ्यानं खाल्लेलं कुणी धरतं व्हय रं? आईच म्हणायची की, उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत नाय."

फकिरानं ती बाटली माझ्यापुढं धरली.

"ही बघ. गोळीसंगचा घोट यातच. चहा यातच. वरणातलं पाणी बी यातच धरायला लावलंय. पयल्यांदा मी बी म्हणलो, गोळीचा घोट काय पाणी हाय व्हय? चार दिवस तसंच केलं. मग छातीत पाणी भरलं, अन् मशीनवर ते काढताना जीव जायची पाळी आली, तवा कळलं. उभ्यानं पिलेलं पाणी बी पाणीच असतं आक्का."

मी तिथंच खाली बसले. काठवटीशेजारी, पिठाच्या हातानं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. सगीरा मॅडमनं सांगितलं तेव्हा मला राग आला होता; फकिरानं सांगितलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. हा माणूस घोटाघोटाचा हिशेब ठेवून जगत होता, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून तोंडात भाकरी घालत म्हणत होते, माझ्या पोटात घास नाही. आणि खोटंही बोलत नव्हते! मला खरंच तसं वाटत होतं. ज्या नियमाचा मला एवढा गर्व, की न फुगलेली भाकरी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, तोच नियम इतकी वर्षं माझ्या कमरेवर चढून बसला होता.

पण नियम मोडायची मी नाही. डोळे पुसले आणि हाताखालच्या दोघींना सांगितलं, "आजपासनं फुगली नाय ती भाकरी त्या टोपल्यात. अन् माझा हात टोपल्याकडं गेला तर उलथन्यानं हाणायचं." त्या टोपल्यातल्या भाकरी रोज संध्याकाळी दाऊदभाईच्या बकऱ्यांना जाऊ लागल्या. पंधरा दिवसांत तो तक्रार घेऊन आला, "आक्का, बकऱ्या आता पाल्याकडं बघत बी नाय!"

सगीरा मॅडमकडं मी आपल्या पायानं गेले. फोन तिच्यापुढं ठेवून म्हटलं, "सगळं पुसा बाई. पयल्यापासनं भरा. ढोल बी पुसा."

तिनं पुसलं. "व्यायामाचा रकाना आता रिकामा राहू द्या. खरंच चालून याल, त्या दिवशी भरा. आणि त्या चालण्याचं बक्षीस म्हणून काही खायचं नाही हां." मग म्हणाली, "तुमचं काम मी माझ्या डोक्यात लिहून ठेवलंय मावशी. फोनमध्ये नसलं तरी." तेव्हापासून ती पोरगी मला आवडते.

खाणं जमलं. उपासाची भगर रकान्यात आली, रताळं आलं, चहातली साखर आली. कठीण गेलं ते चालणं. पाय दुखतात म्हणून नव्हे. रिकाम्या हातानं घराबाहेर पडायची लाज वाटायची. आमच्यात बाई बाहेर पडली की तिच्या हातात काहीतरी असतं. घागर असते, दळण असतं, डबा असतो, पोर असतं. नुसती चालणारी बाई मी नावं ठेवण्यापुरतीच बघितली होती. म्हणून पहिले काही दिवस मी हातात बाजाराची पिशवी घेऊन चालले. कुणी बघितलं तर वाटावं, भाजीला निघाली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टेशनाच्या रस्त्याला गल्लीतल्या पांढऱ्या बुटांची टोळी समोर आली. पुढं द्वारकाबाई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, आवाज अजून वर्गातला. माझ्या पिशवीकडं बघून म्हणाल्या, "मनकर्णाबाई, मंडई अजून झोपलीय."

मी पिशवी पदराखाली सरकवली. त्यांना माझ्या भावाचं माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. द्वारकाबाई पुढं आल्या, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, तिची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. "चला. घरी आल्यावर देते." थोडं पुढं गेल्यावर मात्र मागं वळून एवढंच म्हणाल्या, "येताना दळण आणायचं का?"

सगळ्या जणी हसल्या, आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. एवढी वर्षं ऐकून घेतलं होतं बायकांनी, त्यांचा हक्कच होता.

मग मी बूट घेतले. पांढरेच. नऊवारी नाही नेसत मी, पण साडी जरा वर खोचली की पाय मोकळे होतात. हात मोकळे सोडून चालायला मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. ते हळूहळू जमलं. पहिल्या महिन्यात मी टोळीच्या शेपटाला असायची, धापा टाकत. तिसऱ्या महिन्यात द्वारकाबाई मागून ओरडायच्या, "अहो बाई, गाडी चुकतीय का तुमची?" रेल्वेच्या पटरीकडेनं सूर्य वर यायचा, आणि मी सगळ्यांच्या पुढं असायची. घरी येऊन तवा पेटवायची, थापायची, झाडायची, धुवायची. ते मी कुठं भरत नव्हते. काम ते काम. त्याला आता कुणाचे मार्क नको होते.

श्रावणात फकिराला धाप लागली. पाचोडहून रात्री गाडी करून आणलं, आठ दिवस दवाखान्यात. नाकाला नळी, पाय सुजलेले. मी कॉटपाशी बसले तर म्हणाला, "वाळलीस गं आक्का." आणि या वेळी त्याची नजर माझ्या तोंडाकडं होती, पायाकडं नव्हती. मी दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून निघाले. पाऊस होता, टोळी आली नाही. मी एकटी गेले. रडत गेले, पण पाय थांबवले नाहीत.

चार महिने भरायच्या आदल्या संध्याकाळी मी गिरणीवर गेले. दाऊदभाईनं मला बघितलं, पिठानं माखलेला काटा आपल्या खांद्यावरच्या रुमालानं पुसला आणि म्हणाला, "या आक्का." मी चढले. त्यानं आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग गिरणीचा पट्टा बंद केला. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक असताना त्यानं गिरणी थांबवलेली मी पाहिली नव्हती.

"काटा बिघडला का?" मी विचारलं.

"काटा बराबर हाय," तो म्हणाला. "तुमच्या अंगावरनं दहा किलोचं अख्खं दळण उतरलंय आक्का. थोडं जास्तीच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला दोनदा काट्यावर चढवलं. सगीरा मॅडम दारात उभी होती, दोन्ही हात तोंडावर. डॉक्टर म्हणाले, "मावशी, खरं सांगू? मला वाटलं नव्हतं." मी म्हटलं, "मला वाटलं होतं." गर्वानंच म्हटलं. ज्यानं कमावलंय त्यानं थोडा गर्व करावा, त्यात देवाचं काही जात नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टर माझ्या कॉटपाशी आली. हातातल्या कागदावर खुणा करत तिनं विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं का रात्रीपासून?"

"नाय."

"अगदी काही नाही? बिस्किट, चहा? बरेच जण खातात आणि सांगत नाहीत."

"काय बी नाय," मी म्हटलं. "उभ्यानं सुद्धा नाय."

तिला कळलं नाही. पलीकडच्या कॉटवर फकिरा होता, त्याला कळलं. तो हसला. इतक्या दिवसांत तो असा हसलेला मी ऐकला नव्हता. तसे हसतच आम्हाला दोघांना आत नेलं, आधी मला, मग त्याला.

शुद्धीवर आले तेव्हा काकासाहेब उशाशी होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "चालू झाली. टेबलावरच चालू झाली म्हणे तुझी किडनी. डॉक्टर म्हणाले, लई कामाची निघाली." मी म्हटलं, "कामाची असणारच. कुणाची हाय?" टाक्यांत कळ आली, तरी म्हटलं.

चौथ्या दिवशी सिस्टरनं मला धरून चालवत त्याच्या खोलीपर्यंत नेलं. आत जाऊ देत नाहीत, काचेतून बघायचं. फकिरा उशीला टेकून बसला होता. रेघांची बाटली कुठं दिसत नव्हती. त्याच्या बाजूला मोठा जग होता आणि स्टीलचा ग्लास. सिस्टर म्हणाली, आता त्यांना भरपूर प्यायला सांगितलंय. आताही मोजतो आम्ही, पण कमी पडू नये म्हणून.

त्यानं मला बघितलं. ग्लास काठोकाठ भरला, माझ्याकडं उचलून धरला आणि तोंडाला लावला. लहानपणी मळ्यातल्या मोटारीच्या धारेला तोंड लावून प्यायचा तसा, डोळे मिटून, एका दमात, गळ्याची घाटी वरखाली करत. शेवटचा थेंब संपेपर्यंत खाली आणला नाही. मग मनगटानं तोंड पुसलं.

"मावशी, बसा आता," सिस्टर माझा दंड धरून म्हणाली. "जास्त वेळ उभं राहायचं नाही."

"थांब गं जरा," मी म्हटलं. "उभ्यानंच बघू दे. हे बी अंगी लागतंय."

आत फकिरा दुसरा ग्लास भरत होता.